लग्नातल्या फोटोतला हुतात्मा

आपल्याच फोटोला हार घातलेला बघायचं भाग्य माणसाला सहसा लाभत नाही. ज्याच्या फोटोला हार पडतो तो बघायला उरलेला नसतो, आणि जो उरलेला असतो त्याच्या फोटोला हार घालायची कुणाला घाई नसते. निमतळच्या आकाराम खोताला मात्र हे भाग्य दरसाल लाभतं. तेही पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसून, डोक्याला फेटा आणि मांडीवर नारळ घेऊन.

निमतळ म्हणजे आष्ट्याच्या पलीकडं उसात बुडालेलं गाव. ऊस तुटून गेला की गावाला एकदम आपली घरं दिसायला लागतात, आणि घरांच्या पाठोपाठ फुटबॉल दिसायला लागतो. माघात पाटलाच्या मळीतल्या रिकाम्या रानात रोलर फिरतो, फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडतात आणि ‘हुतात्मा स्मृती चषक’ सुरू होतो. मिरजेचे संघ येतात, कोल्हापूरच्या तालमी येतात, शिरवळच्या कारखान्यांतली पोरं पाळी संपवून थेट येतात आणि पहिला हाफ झोपेत खेळतात. प्रेक्षकांसाठी उसाच्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या असतात. ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला ऑफसाईड कळत नाही, पण पंचाच्या घराण्याची मात्र इत्थंभूत माहिती असते आणि ती तो मोकळ्या मनानं सगळ्यांना देतो.

कुस्तीच्या मुलखात हा चेंडू सुट्टीवर आलेल्या जवानांनी ट्रंकेतून आणला. तो लाथाडत मोठे झाले ते गुंडा, मानसिंग आणि नाथाजी. गुंडा गोलकीपर, मानसिंग बॅक आणि नाथाजी डावा विंगर. नाथाजी म्हणजे आकारामचा थोरला भाऊ. त्या काळात कालव्याचं पाणी शेवटच्या गावांपर्यंत पोचत नव्हतं; वरच्यांनी भिजवायचं आणि खालच्यांनी ऐकायचं. मग पाण्याच्या समान वाटपाची चळवळ उभी राहिली. मोर्चा कालव्याच्या दारावर गेला, रेटारेटी झाली, गोळी चालली. सकाळी घोषणा देत चालत गेलेले हे तिघं संध्याकाळी बैलगाडीतून परत आले. पुढं पाणी आलं. निम्मं आलं, पण आलं. आता त्याच पाण्याच्या पाळीवरून भाऊ-भाऊ एकमेकांची डोकी फोडतात, तो भाग वेगळा.

बऱ्याच वर्षांनी गावातल्या तरण्या पोरांनी या तिघांच्या नावानं स्पर्धा सुरू करायची ठरवली. पोरांचा म्होरक्या वीरधवल. तेव्हा कॉलेजात होता; आज तो स्पर्धेचा अध्यक्ष आहे आणि त्याचं पोट अध्यक्षाला शोभेलसं झालं आहे. बॅनरसाठी फोटो हवे होते. गुंडाचा शाळेच्या दाखल्यावर मिळाला, मानसिंगचा त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, पेटीतून काढून दिला. नाथाजीसाठी वीरधवल खोतांच्या घरी गेला. आकाराम रानात होता, त्याची बायको बनाबाई माहेरी. घरात एकटी म्हातारी आई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं फळीवरचा अल्बम काढला, पानं चाचपली, एक फोटो डोळ्याला टेकेपर्यंत जवळ घेतला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, “ह्यो बघ माझा नाथा.”

तो आकाराम होता. स्वतःच्या लग्नात उभा असलेला.

नाथाजी लग्नाआधीच गेला, हे वीरधवलला माहीत नव्हतं. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. फोटोत शेजारी नवरी होती, पण तिचा पदर नाकापर्यंत ओढलेला, त्यामुळं ती बनाबाई आहे हे प्रत्यक्ष बनाबाईलाही सांगता आलं नसतं. आष्ट्याच्या फ्लेक्सवाल्यानं मुंडावळ्या पुसल्या, नवरी कापली, मागं उगवता सूर्य लावला, आणि हुतात्मा तयार झाला. कापताना जरा घाई झाली. आजही नीट बघितलं तर हुतात्मा नाथाजींच्या खांद्यामागून हिरव्या चुड्याचं मनगट डोकावतं. नव्या पोरांना ते क्रांतीची मशाल धरलेल्या हातासारखं वाटतं.

बॅनर लागला त्या दिवशी आकाराम कमानीखाली उभा राहून वर बघत राहिला. चेहरा ओळखीचा होता. रोज सकाळी दाढी करताना भेटणारा. तो वीरधवलला शोधत स्टेजकडं निघाला, तेवढ्यात पोरांनी आईला खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं. आईनं स्टेजवर ठेवलेल्या त्याच फोटोवरून हात फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी. मग बोटं मोडली आणि म्हणाली, “किती वाळलाय रं माझा लेक.”

सगळ्या मैदानाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता एवढ्या पाण्यात उडी मारून कोण सांगणार, की आई, तो मी आहे आणि मी वाळलो नाही, माझे बूट चावत होते?

त्या फोटोतल्या चेहऱ्याबद्दल दरवर्षी भाषणं होतात. “ही करारी नजर बघा,” असं एक पाहुणा म्हणाला होता, “हिच्यात अन्यायाची चीड आहे.” आकारामला आठवतं: फोटोग्राफरनं “हलू नका” असं दरडावलं होतं, बूट मेव्हण्याचे होते आणि एक नंबर लहान होते. चीड होती, पण ती मेव्हण्याबद्दल.

आई असेपर्यंत आकाराम गप्प बसला. बनाबाई मात्र एक दिवसही गप्प बसली नाही. जित्या माणसाच्या फोटोला हार म्हणजे साधी गोष्ट नव्हे. स्पर्धेच्या उद्घाटनाला फोटोवर हार चढला की इकडं ती चूल पेटवून तयार. आकाराम दारात आला, की मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या त्याच्यावरून उतरून चुलीत.

“माझ्या लग्नातला नवरा हुतात्मा केला,” ती धुरात खोकत म्हणायची, “आनि मला कापून टाकलं. कुठं टाकलं म्हणावं मला? त्यो तुकडा तरी आणून द्या.”

“अगं, मनगट हाय की अजून.”

“मनगटाला काय चाटू?”

आई गेली त्या वर्षी, दिवसपाणी झाल्यावर, आकारामनं वीरधवलला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. वीरधवल पोट हलेपर्यंत हसला.

“तात्या, आजीनं माझ्यासमोर बोट ठेवलंय. आईपेक्षा लेकराला तुमी जास्त वळखताय व्हय?”

या प्रश्नाला उत्तर नाही. आकारामनं बरंच शोधलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या पायाखालची जमीन आधीच भुसभुशीत झाली होती. दरवर्षी ती कमान, तो सूर्य, तो चेहरा. हळूहळू असं झालं, की डोळे मिटून ‘दादा’ म्हटलं की समोर तो बॅनरच यायचा. दादाचा आवाज आठवायचा, विडीचा वास आठवायचा, पास हवा असला की तो मारायचा ती शिट्टी आठवायची. चेहऱ्याच्या जागी मात्र आकाराम स्वतःच उभा. स्वतःच्या भावाच्या आठवणीत घुसून बसलेला माणूस, आणि बाहेर पडायला दार नाही.

यंदा स्पर्धेत दोन नव्या गोष्टी होत्या. पहिली, मैदानाच्या दारात तिघांचे पंचधातूचे अर्धपुतळे बसणार होते. अंतिम सामन्याआधी अनावरण. दुसरी, मेढ्याच्या संघाबरोबर लालासाहेब आले.

लालासाहेब निवृत्त सुभेदार. मिशा अजून नोकरीतच असाव्यात अशा ताठ. तरुणपणी ते मेढ्याकडून खेळायचे आणि निमतळच्या टीमशी त्यांचं हाडवैर होतं, म्हणजे जीव की प्राण. उद्घाटनाला त्यांना आकारामशेजारी सोफ्यावर बसवलं. त्यांनी बॅनरकडं बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

“गुंडा ह्यो. मानसिंग ह्यो. आनि ह्यो मधला कोन रं?”

“नाथाजी,” आकाराम म्हणाला. सवयच पडली होती.

“ह्यो नाथाजी? गड्या, मला डोळं हायत. थांब.”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक फोटो काढला. मेढ्याच्या मैदानावरचा, सामना संपल्यानंतरचा. तरणे लालासाहेब, आणि त्यांच्या गळ्यात हात टाकून एक पोरगा. चिखलानं माखलेला, केस उभे राहिलेले, तोंड उघडं टाकून खदखदून हसणारा. पुढचा एक दात अर्धा तुटलेला.

आकारामनं फोटो हातात घेतला. उन्हाकडं केला. मग भाबडेपणानं विचारलं, “ह्यो कोन?”

लालासाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं, की सोफ्याच्या स्प्रिंगनं आवाज करायचं थांबवलं.

“तुझा भाऊ हाय गड्या.”

मग तो दात बोलायला लागला. बांबूच्या गोलपोस्टवर हेडिंग करताना तुटलेला दात. सामना संपल्यावर नाथाजी आणि आकाराम दोघं गुडघ्यावर बसून मळीत तो तुकडा शोधत होते, आणि आई बांधावरून ओरडत होती, “बोळक्याला पोरगी कोन देनार आता?” त्याच फटीतून ती शिट्टी निघायची. दात ओळखीचा निघाला, शिट्टी ओळखीची निघाली. पण त्या दोहोंच्या भोवतीचा चेहरा आकारामकडं परक्यासारखा हसत होता, आणि हा मांडीवर नारळ धरून त्याला “तू कोन” असं विचारत होता.

त्या दिवसापासून आकारामचा एकच ध्यास. पुतळा बसायच्या आत दादाचा चेहरा दादाला परत मिळाला पाहिजे. फ्लेक्स काय, वर्षाला फाटतो. पंचधातू फाटत नाही.

त्यानं कमिटीपुढं फोटो ठेवला. कमिटीनं तो फिरवून फिरवून बघितला. शेवटी वीरधवल म्हणाला, “तात्या, फोटो झकास हाय. पर ह्यो हसतोय.”

“हसनारच. जितलं हुतं.”

“हुतात्मा हसतो व्हय? तेबी दात तुटका?”

“दात तवाच तुटला हुता, त्याला मी काय करू?”

“खाली बारीक टाकू की,” एकजण समजुतीनं म्हणाला. “‘एक दुर्मीळ क्षण’ म्हनून. हिकडं चहावाल्याची जाहिरात हाय, तिच्या वर.”

आकाराम पेटला. असा तो वर्षातून एकदा पेटतो आणि लगेच घाम येऊन विझतो. “अरं, त्यो मी हाय! त्या बॅनरवर मी हाय! माझं लगीन हाय ते!”

वीरधवल उठून आकारामजवळ आला. यावेळी तो हसला नाही.

“तात्या, भरतीच्या आदल्या दिशी मी त्या फोटोच्या पाया पडलो. न्हाई झालो भरती, ते जाऊ द्या. बा वारला तवा घरात रडायला जागा नव्हती, त्या कमानीखाली जाऊन रडलो. दारू सोडली ती त्या फोटोम्होरं. तुमी म्हंताय तसं आसंल, तर मी इतकी वरसं कुनाच्या पाया पडलो? तुमच्या?”

ज्या आकारामशी तो गेल्याच आठवड्यात उसाच्या सरीवरून भांडला होता, त्याच्या पाया! आकारामलाही एकदम लाजल्यासारखं झालं. आपण आशीर्वाद वगैरे काही दिले नव्हते. उलट त्या भांडणात आपण वीरधवलच्या बापाचा उद्धारही केला होता.

“निदान मूर्तिकाराकडं तरी चल,” तो हळू आवाजात म्हणाला. वीरधवलनं गाडी काढली. पोरगा मनानं वाईट नाहीच, हीच तर अडचण.

मूर्तिकार मधुकर सांगलीचे. मृदू बोलणारे, चहा विचारणारे. अंगणात तीन अर्धपुतळे कापडात गुंडाळलेले होते. मधलं कापड त्यांनी स्वतः, आईनं झोपलेल्या बाळावरचं काढावं तसं काढलं. आणि आकाराम आकारामच्या समोर उभा राहिला. मेव्हण्याचे बूट सोडून सगळं हुबेहूब. नाकावरचा बारीकसा बाकही.

“असा करारी चेहरा मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता,” मधुकर म्हणाले. मग त्यांनी आकारामकडं नीट बघितलं. “आपण बंधू ना? तुमच्यातही थोडीशी झाक आहे हं. तो करारीपणा नाही, पण झाक आहे.”

आकारामनं फोटो दाखवला. हा असा करता येईल का, एवढंच विचारलं. मधुकरांनी फोटो बराच वेळ बघितला. त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

“आधी मिळाला असता तर... काय हसू आहे हो हे! पण ओतकाम झालेलं आहे. आता हातोडा मारला तरच बदल होईल, आणि तो बदल कुणाला आवडणार नाही. फार तर नाक जरा घासून देतो.”

“घासा,” आकाराम म्हणाला.

मधुकरांनी कानस आणली. दोनदा घासली. पुतळ्याचं नाक लकाकलं, बाकी होतं तसंच राहिलं. आकारामचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडं गेला. गावाच्या वेशीत वीरधवल एवढंच म्हणाला, “तात्या, नाक लय भारी झालंय.”

अंतिम सामन्याच्या दिवशी मैदान फुलून आलं. आकारामनं अजून एक आशा धरली होती. कमिटी पोरांची; पण म्हातारी माणसं आहेतच की गावात. त्यांनी नाथाजीला डोळ्यांनी बघितलंय. चार जण जरी म्हणाले, की हा फोटोतला खरा, तर अनावरण तरी थांबेल. लालासाहेबांचा फोटो घेऊन तो ट्रॉल्यांपुढून फिरला. नाथाजीबरोबर खेळलेल्या एकानं फोटो लांब धरला, जवळ धरला.

“मेढ्याचा दिसतोय. शेजारी लालासाहेब हाय न्हवं.”

दुसरा म्हणाला, “हसायची ढब कोल्हापूरवाली हाय.”

तिसऱ्यानं तर आकारामलाच समजावलं, “नाथाजी कसा, कमानीवर हाय तसा. मी बघितलाय की त्येला. एका ताटात जेवलोय.”

लालासाहेब साक्षीला होते, पण मेढ्याच्या संघाच्या माणसाची साक्ष अंतिम सामन्याच्या दिवशी निमतळात कोण घेणार? आणि मेढा अंतिम फेरीत होतं!

शेवटची आशा राहीबाई. मानसिंगची बायको. ती दरवर्षी त्याच सोफ्यावर बसते, नारळ पिशवीत टाकते आणि सामना सुरू झाला की डोळे मिटते. नाथाजी तिच्या घरी रोजचा जेवायला असायचा. आकारामनं फोटो तिच्या हातात दिला.

“वैनी, ह्यो दादा हाय का न्हाई, सांगा.”

राहीबाई बघत राहिली. तिनं अंगठा त्या दातावर ठेवला.

“दात त्येचाच,” ती म्हणाली. “पर तोंड... खोटं कशापायी बोलू आकाराम. डोळं मिटलं की मला त्यो बॅनरवरलाच दिसतो.” मग तिनं स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोकडं हनुवटीनं खूण केली. “ह्यांचा तर खराच फोटो हाय. तरी काय उपेग? मानूस कुठं दिसतंय, फोटोच दिसतोय. वाईट वाटून घिऊ नगंस.”

तिनं फोटो परत दिला आणि पदरानं पुसून दिला, जणू काही तिचाच हात त्याला लागला होता.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. हुतात्म्याच्या बंधूंनी अनावरणाला यावं. पाहुण्यांनी दोरी ओढली. फटाके लागले, ढोल घुमला, ट्रॉल्या उभ्या राहिल्या. एक नाक उन्हात असं चमकलं, की शेवटच्या ट्रॉलीवरल्या माणसालाही दिसलं. हार घालायचा मान बंधूंचा. वीरधवलनं हार हातात दिला आणि कानाशी कुजबुजला, “तात्या, पोरं बघत्यात.”

पोरं बघत होती. मिरजेची, शिरवळची, मेढ्याची; हाताची घडी घालून, मोजे वर ओढून, श्रद्धेनं. आकारामनं हात वर केले आणि स्वतःच्या गळ्यात हार घातला. मग सगळ्यांनी हात जोडले म्हणून त्यानंही जोडले. आपल्याकडं बघत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं किती अवघड असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. डोळे कुठं लावायचे तेच कळत नाही. समोरचाही डोळे हटवत नाही.

मेढा एका गोलानं जिंकलं. जाताना लालासाहेबांनी फोटो परत मागितला नाही. “तुझ्याकडंच राहू दे गड्या,” एवढंच म्हणाले.

दिवे लागायच्या वेळेला आकाराम घरी आला. चूल पेटलेली होती, मिरच्या तयार होत्या. पण बनाबाईनं हात उचलला नाही.

“आवं, पुतळ्याला रोज हार घालनार म्हनं. पाळी लावलीया कमिटीनं. मी रोज मिरच्या कुठनं आनू?”

भिंतीवरचा आरसा काढून आकारामनं खिडकीत ठेवला. फळीवरच्या डबीतलं काजळ बोटावर घेतलं, पुढचा एक दात अर्धा काळा केला, केस ओल्या हातानं उभे केले आणि आरशात बघून खदखदून हसला. बनाबाईच्या हातातलं मीठ खाली सांडलं.

“काय येड लागलं काय तुमास्नी?”

त्यानं फोटो आपल्या गालाशी धरला आणि तसाच हसत तिच्याकडं वळला. काजळ ओठावर ओघळलं होतं.

“बघ की गं. जरा तरी दिसतोय का दादावानी?”

बनाबाईनं फोटो बघितला, नवरा बघितला, परत फोटो बघितला. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा नाथाजीला जाऊन काळ लोटला होता. तिला खोटं बोलता आलं असतं. बायकांना नवऱ्यासाठी तेवढं जमतं. पण आकारामच्या डोळ्यांकडं बघून तिला ते जमेना.

“मी कुठं बघितलंय वो त्यांस्नी,” ती शेवटी म्हणाली.

आकारामनं मान हलवली. मग जीभ दाताला लावून, ओठ मुडपून त्यानं दादासारखी शिट्टी मारून बघितली. दात तर पुरा होता. नुसता वारा निघाला.